अध्यक्ष महाशय आणि शेंगांची टरफलं

धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत बसवून, त्याला इजा न करता, हमखास घाम कसा फोडायचा, हा मानसशास्त्रज्ञांपुढचा जुना प्रश्न. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून झाले. अवघड कोडी घालून झाली. अखेर १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी रामबाण उपाय मांडला: त्याला भाषण करायला लावायचं. थोडा वेळ तयारीला द्यायचा आणि मग नोकरी मागायला आल्यासारखं पाच मिनिटं उभ्याने बोलायला सांगायचं. समोर परीक्षक बसवायचे, पण त्यांना ताकीद द्यायची की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा मख्ख ठेवायचा. भाषण झालं की १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने खाली यायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. एवढ्याने भल्याभल्यांची छाती धडधडू लागते आणि कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक अंगात उसळ्या मारू लागतं. माणसाला हुकमी ताण द्यायचा असला की जगभरच्या प्रयोगशाळा आजही याच चाचणीकडे वळतात.

महाराष्ट्रात त्यासाठी विद्यापीठाला तसदी द्यायची गरज नव्हती. कुठल्याही शाळेत १ ऑगस्टच्या सकाळी डोकावलं असतं तरी चाललं असतं. मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांना तर वेगळी ताकीदही द्यावी लागली नसती.

१ ऑगस्ट म्हणजे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. मराठी माणसाच्या वक्तृत्वाचा श्रीगणेशा बहुधा याच तारखेला होतो. भाषण आईने लिहून दिलेलं असतं, हल्ली आईच्या मोबाइलने. मूल हात मागे बांधून, नजर पंख्यावर रोखून सुरू करतं: ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ दुसरीतल्या त्या जिवाला शांतचित्त म्हणजे काय ते ठाऊक नसतं, गुरुजनवर्ग हा वर्ग शाळेत कोणत्या मजल्यावर भरतो तेही नाही, पण विनंती तो पोटतिडकीने करतो. मग २३ जुलै १८५६, मग रत्नागिरी, आणि लगेच शेंगांची टरफलं. वीस मुलं बोलली तर वीसदा टरफलं सांडतात, वीसदा गुरुजी रागावतात आणि वीसदा बाळ टिळक ती उचलायला नकार देतात. केसरी, मंडालेची सहा वर्षं, गीतारहस्य हे सगळं त्या ढिगाऱ्याखाली कुठेतरी असतं.

मध्येच एखादा शब्द निसटतो. पाठ केलेल्या मजकुराचं असं असतं की एक कडी तुटली की पुढची हाताला लागत नाही. पोरगं क्षणभर पंख्याकडे बघतं, पंखा काही सांगत नाही, आणि मग ते ट्रिअरच्या नियमाप्रमाणे पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून सुरुवात करतं. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणून जागेवर पळतं. चार शब्दांनी सुरू झालेलं भाषण दोन शब्दांनी कसं संपलं, हा हिशेब त्याला आजवर एकाही गणिताच्या मास्तरांनी विचारलेला नाही.

या प्रकारातून मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकतं. बोलणं वेगळं आणि भाषण वेगळं. बोलताना माणूस ‘ऐक ना’ म्हणतो, भाषणात ‘ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’ करतो. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, भाषणात छताकडे. पुढे चाळिशीत कुणी निवृत्तीच्या समारंभात त्याच्या हाती माईक देतं, तेव्हा शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या, रोज ज्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लं त्या सहकाऱ्याबद्दल तो बोलू लागतो: ‘आदरणीय सत्कारमूर्ती हे एक बहुआयामी, हरहुन्नरी आणि अजातशत्रू व्यक्तिमत्त्व असून…’ सत्कारमूर्तीही मागे वळून बघतात, नक्की कुणाचं चाललंय म्हणून.

आता याच माणसाला त्याच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बघावं. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथेच तो उठतो. ‘एक मिनिट. मागच्या सभेत मी गळतीचा मुद्दा मांडला होता, तो इतिवृत्तात कुठे आहे?’ हातात कागद नाही, पायांत कंप नाही, तोंडाला कोरड नाही. मुद्दा, पुरावा, उपरोध, योग्य जागी थांबणं, आवाजाचे चढउतार, सारं काही जागच्या जागी. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींची दुसरी गाडी कुणाच्या पार्किंगमध्ये आणि कधीपासून उभी असते, हे तो तारीखवार सांगतो आणि प्रत्येक तारखेनंतर श्वासभर थांबून जोशींकडे बघतो. सचिव घड्याळ दाखवतात, तर म्हणतो, ‘आयत्या वेळच्या विषयांत पुन्हा बोलेन.’ आणि बोलतोही. या राज्यातलं सर्वोत्तम उत्स्फूर्त वक्तृत्व आयत्या वेळच्या विषयांत ऐकायला मिळतं आणि ते ऐकायला तिकीट नसतं, फक्त फ्लॅट असावा लागतो.

म्हणजे वाचा आहे, धीटपणाही आहे. अडतं ते भाषणापाशी.

या बाबतीत सगळ्यात धीर देणारा माणूस म्हणजे मोहनदास गांधी. लंडनमध्ये शिकत असताना ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण बैठकीत तोंड उघडायची छाती होत नसे. व्हेंटनरच्या एका सभेसाठी त्यांनी भाषण लिहून नेलं, जेमतेम फुलस्केपभर. वाचायला उभे राहिले आणि अक्षरं धूसर झाली, अंग थरथरू लागलं. अखेर सोबत आलेल्या स्नेह्याने तो कागद वाचून दाखवला. १८९१ मध्ये भारतात परतताना त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना जेवण दिलं. या वेळी बेत विनोदी भाषणाचा होता. त्यासाठी ॲडिसन या इंग्रज निबंधकाराचा किस्सा हेरून ठेवला होता: ॲडिसन पार्लमेंटात बोलायला उठला, एकच वाक्य तीनदा सुरू केलं, तीनदा अडकला आणि खाली बसला. गांधी हा किस्सा सांगायला उभे राहिले आणि सुरुवातीलाच अडकले. पुढचं काही आठवेना. निमंत्रणाला मान दिल्याबद्दल मंडळींचे आभार मानले आणि खाली बसले. अडकलेल्या वक्त्याची गोष्ट याहून परिणामकारकपणे सांगणं अवघड आहे.

मायदेशी तरी? मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांचा पहिला खटला उभा राहिला. फी ३० रुपये. ममीबाई नावाच्या अशिलाच्या बाजूने उलटतपासणी घ्यायला बॅरिस्टरसाहेब उभे राहिले, डोकं गरगरलं, सगळं कोर्ट फिरल्यासारखं झालं, आणि विचारायला एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत करायची तयारी दाखवली आणि दलालाला सांगितलं की पटेल वकिलांना घ्या. पटेलांनी ५१ रुपये घेतले. गांधी कोर्टातून तडक बाहेर पडले. खटला कोण जिंकलं हेही त्यांनी बघितलं नाही. हे सारं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्याच्यावर मोर्चा गेला असता.

पण त्यानंतर दोनेक वर्षांतच, १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात हाच माणूस हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत उभा राहिला आणि धंद्यात सचोटीने वागा, असं व्यापाऱ्यांनाच सांगून खाली बसला. पाय लटपटल्याची नोंद नाही. रेल्वेच्या डब्यातून सामानासकट खाली उतरवण्याचा प्रसंग नुकताच होऊन गेला होता. सांगण्यासारखं काहीतरी आता पोटात होतं. पुढे ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ते काय बोलले हे सगळ्यांना माहीत आहे. ते मैदान आणि ते स्मॉल कॉज कोर्ट यांच्यात मुंबईच्या मापाने अंतर फारसं नाही. आवाज काही फार मोठा झाला नव्हता, हातवारे तर ते करतच नसत. जुन्या भिडस्तपणाने आपल्याला शब्द काटकसरीने वापरायला शिकवलं, एवढंच श्रेय त्यांनी त्याला दिलं.

डेल कार्नेगी या अमेरिकन गृहस्थांना हेच निराळ्या रस्त्याने सापडलं. १९१२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या वायएमसीएत संध्याकाळचा वक्तृत्वाचा वर्ग घेऊ लागले. पहिल्याच दिवशी शिकवण्याचा मजकूर संपला आणि वेळ उरली. मास्तरांची अशा वेळी जी अवस्था होते ती होऊन त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, तुम्हाला ज्याचा राग येतो त्याबद्दल उठून बोला. आणि जे नाव सांगताना चाचरत होते ते धडाधड बोलू लागले. कार्नेगींनी त्यावर पुढे केवढा तरी उद्योग उभा केला. आपल्याकडे ही पद्धत आधीपासून आहे, फक्त तिचं शुल्क आकारायचं कुणाला सुचलं नाही. पाणी आज का आलं नाही, लोकल कितीने चुकली, रिक्षावाला मीटरवर का आला नाही, या तीन विषयांवर तयारीशिवाय पाच मिनिटं बोलू न शकणारा माणूस पुणे-मुंबई पट्ट्यात शोधून सापडायचा नाही.

भाषणाच्या भीतीवर एक आकडा नेहमी सांगितला जातो. १९७३ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांना तुम्हाला कशाकशाची भीती वाटते असं विचारलं, तेव्हा सुमारे ४१ टक्क्यांनी चारचौघांत बोलण्याची सांगितली आणि सुमारे १९ टक्क्यांनी मरणाची. यावर जेरी साइनफेल्ड या विनोदवीराने म्हटलं, की मग अंत्ययात्रेत चार शब्द बोलण्यापेक्षा शवपेटीत आडवं होणं माणसाला परवडेल. कार्यशाळांतून हा आकडा इतका फिरला की त्याची खातरजमा करायची २०१२ मध्ये दोन संशोधकांना गरज वाटली. त्यांना आढळलं, की यादीतल्या जमतील तेवढ्या भीतींवर खुणा करा म्हटलं तर भाषणावर जास्त खुणा पडतात, पण सगळ्यात मोठी एकच निवडा म्हटलं की माणसं मरणच निवडतात. माणूस अजून अगदीच हाताबाहेर गेलेला नाही.

मराठी शोकसभा मात्र साइनफेल्डने पाहिलेली नसावी. तिथे बोलायला कुणी घाबरत नाही. वक्ता उठतो, तसबिरीला नमस्कार करतो आणि म्हणतो, ‘अण्णा गेले. अण्णा मला नेहमी म्हणत, तुझ्यासारखा माणूस पाहिला नाही.’ तिथून पुढची पंधरा मिनिटं अण्णांच्या तोंडून वक्त्याचा गौरव होत राहतो. अण्णा खोडून काढायला नसतात.

भीती आहे म्हटल्यावर तिच्यावर शिबिरं निघणारच. ‘दोन दिवसांत प्रभावी वक्ते बना’ असा फ्लेक्स दर सुट्टीत लागतो आणि त्यावर टायमधला एक माणूस बोट उंचावून हसत असतो. शिबिरात पहिल्या तासाला हमखास सांगतात, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. आकडे आल्बर्ट मेहरेबियन यांचे आणि १९६७ चे आहेत हे खरं. पण त्यांचे प्रयोग एकेकटे शब्द आणि चेहऱ्यांची छायाचित्रं वापरून केलेले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणाऱ्याला कशावरून कळते. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही, असं स्वतः मेहरेबियन सांगून थकले. ७ टक्क्यांचं खरं मानलं तर जपानी वक्त्याचं जपानी भाषण ऐकून सांगलीतल्या श्रोत्याला ९३ टक्के कळायला हवं. इकडे शुद्ध मराठीतलं अध्यक्षीय भाषण ऐकूनही ७ टक्के कळायची मारामार.

त्याच शिबिरात ग्रीसच्या डेमॉस्थेनिसची गोष्टही येते. उच्चार सुधारावेत म्हणून तो तोंडात खडे धरून बोलायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. प्लुटार्कने त्याची आणखी एक युक्ती नोंदवली आहे, ती शिबिरवाले गाळतात. तळघरात दोन-तीन महिने सलग सराव व्हावा म्हणून तो अर्धं डोकं भादरून घ्यायचा. मग इच्छा झाली तरी लाजेने घराबाहेर पडता यायचं नाही. गुटखा तोंडात धरून तासन्‌तास बोलणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांचे उच्चार काही सुधारलेले नाहीत, तेव्हा खड्यांपेक्षा गुण अर्ध्या हजामतीचाच असावा.

खरोखर उपयोगी पडणारं संशोधन कमी गाजतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं, की आपली घाबरगुंडी श्रोत्यांना स्पष्ट दिसतेय असं वक्त्याला वाटतं, त्यापेक्षा ती बरीच कमी दिसते. नुसतं एवढं आधी सांगितलं तरी माणसं अधिक चांगलं बोलली. २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रुक्स या हार्वर्डच्या प्राध्यापिकेने लोकांना भाषणाआधी ‘मी शांत आहे’ऐवजी ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःशी म्हणायला लावलं, आणि हुरूपवाले सरस ठरले. कारण साधं आहे. भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते. धडधडत्या छातीला ‘शांत हो’ म्हटलं तर ती ऐकत नाही. मराठी घरात नेमकं उलट करतात. विंगेत उभ्या मुलाला आई, बाबा, आजी आणि बाई असे चौघं जण चारही बाजूंनी सांगतात, ‘घाबरू नकोस हं!’ तोवर त्याच्या ते डोक्यातही नसतं.

शिबिरांपेक्षा टोस्टमास्टर्सची पद्धत बरी. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात, हा क्लब सुरू केला. पुण्या-मुंबईत आज त्याच्या शाखा आहेत आणि आयटीतली पोरं कामानंतर तिथे जाऊन उभी राहतात. पहिलं भाषण स्वतःबद्दल, चार ते सहा मिनिटं. दुसऱ्या एका प्रकारात विषय चिठ्ठी उचलल्यासारखा ऐन वेळी मिळतो, त्यावर मिनिट-दोन मिनिटं बोलायचं. वेळ पाहणारा एक जण हिरवा, पिवळा, लाल असे रंग दाखवतो. आणखी एक जण फक्त ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्चुअली’, ‘बेसिकली’ मोजत बसलेला असतो आणि शेवटी प्रत्येकाचा आकडा जाहीर करतो. आपण ‘म्हणजे’ किती वेळा म्हणतो हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस पुढचे दोन दिवस घरी खुणांनी बोलतो.

हा मोजणारा माणूस एखाद्या प्रचारसभेत नेऊन बसवला पाहिजे. ‘या ठिकाणी मी आपल्याला सांगू इच्छितो, की त्या ठिकाणी जो निर्णय घेण्यात आला, तो निश्चितपणे या ठिकाणच्या जनतेच्या हिताचा त्या ठिकाणी आहे.’ यातली ठिकाणं वजा केली तर सभा चौकातल्या चौकात आटोपेल.

टोस्टमास्टर्सच्या लाल रंगाला आपल्याकडचा पर्याय म्हणजे चिठ्ठी. सूत्रसंचालक ती दबकत व्यासपीठावर नेऊन ठेवतो. वक्ता वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो आणि म्हणतो, ‘मला वेळेचं भान आहे.’ हे वाक्य पूर्वार्ध संपल्याची खूण असतं. व्ही. के. कृष्ण मेनन जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले. तो विक्रम अबाधित असला तरी, विषय काश्मीर नसून इयत्ता दहावीच्या गुणवंतांचा सत्कार आहे हे लक्षात घेतलं, तर आपले काही प्रमुख पाहुणे मेननांच्या फार मागे नाहीत.

आणि माईक. सभाधीटपणाच्या मराठी पुस्तकांत आत्मविश्वासावर प्रकरणं असतात, माईकवर पानभरही नसतं. वास्तविक नवशिक्याचा निम्मा घात तिथे होतो. आधीचा वक्ता सहा फुटी, हा सव्वापाच फुटी. स्टँडचा खिळा फिरवला की माईक मान टाकतो. मग त्याला टिचक्या मारायच्या, फुंकर घालायची, ‘हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?’ विचारायचं. मागून ‘नाही’ असं उत्तर येतं, म्हणजे येतंय. कर्ण्याजवळ गेलं की कर्कश शीळ वाजते, कारण कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो आणि हे चक्र चालूच राहतं. श्रोते कान झाकतात, वक्त्याला वाटतं आपल्यामुळे. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की माईक तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या किंचित खाली धरावा, आणि कार्यक्रमाआधी अध्यक्षांना नमस्कार करायचा राहिला तरी चालेल, साउंडवाल्याला करावा.

उत्तम बोलणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे कमी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. हे नाव न अडखळता तीनदा म्हणता आलं की अर्धा अभ्यासक्रम पुरा. आचार्य अत्रे, प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर या नावांनी आजही जुने श्रोते डोळे मिटून घेतात. त्यांच्या जन्मजात प्रतिभेबद्दल खूप बोललं जातं. पण अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत वर्षानुवर्षं हेडमास्तर होते, भोसले फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात आणि शेवाळकर वणीच्या महाविद्यालयात प्राचार्य. मधली सुट्टी संपल्यावर, डबा खाऊन पेंगणाऱ्या पोरांपुढे ज्याने रोज तग धरला, त्याला शिवाजी पार्कवरची लाखाची गर्दी काय घाबरवणार? ती गर्दी निदान आपणहून आलेली असते.

याहून जुनी शाळा कीर्तनाची. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे विषयाचं निरूपण. मध्ये बुक्का लावायला थांबायचं. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. तत्त्व आधी, गोष्ट नंतर, आणि मध्ये श्रोत्यांना हातपाय हलवायला उसंत. बुवांना धाप लागली तर साथीदार भजन उचलतात आणि बुवा घोटभर पाणी पिऊन घेतात. कुणाला वाटत नाही की ते विसरले. नवशिका वक्ता टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला हात लावत नाही. तोंड कोरडं पडलेलं असतं, कारण घाबरलं की लाळ आटते, पण बाटलीचं झाकण उघडताना हात थरथरतील आणि दिसेल, या भीतीने तो ओठ चाटत राहतो. थांबून पाणी पिणारा माणूस श्रोत्यांना अनुभवी वाटतो, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते.

गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रात बोलायला शिकलेली सगळ्यात मोठी तुकडी मात्र कुठल्याच शिबिरात गेली नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा आल्या, २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्या केल्या. हजारो बायका एकदम ग्रामसभेपुढे उभ्या राहिल्या. आधीचा सराव बचत गटाच्या बैठकीतला: गोल बसायचं, प्रत्येकीने आपलं नाव सांगायचं, मग हप्ता किती भरला ते. सुरुवातीला अनेकींच्या शेजारी नवरे बसत आणि उत्तरं तेच देत. ‘सरपंचपती’ हे पद घटनेत नसलं तरी व्यासपीठावर त्याची खुर्ची असे. अशा सभेत एखादी बाई पदर सावरून उठते आणि सांगते, की आमच्या वस्तीवरचा हापसा पावसाळ्यापासून बंद आहे, कधी दुरुस्त करणार ते आजच सांगा. ना अध्यक्ष महाशय, ना नम्र विनंती. तिच्याआधी तिघा मान्यवरांनी जलसंधारणावर तास घेतलेला असतो. ग्रामसेवक मान खाली घालून वहीत लिहून घेतो ते हापशाचं.

ज्यांना शून्यापासून सुरुवात करायची आहे, त्यांनी प्रास्ताविकाच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा श्रोते ताजे असतात आणि ऐकतात. पाहुण्यांचा परिचयही नको. ‘पाहुण्यांना परिचयाची गरज नाही’ म्हणून दोन पानं वाचायची, आणि त्यात पाहुण्यांच्या पुस्तकाचं नाव चुकलं तर पाहुणे ते सुधारण्यात स्वतःची दहा मिनिटं घालवतात. नवशिक्याने आभारप्रदर्शन मागून घ्यावं. तोवर अर्धं सभागृह उभं राहिलेलं असतं, मागच्या दारातून वड्यांचा वास आलेला असतो, मुलं रडत असतात, खुर्च्या सरकत असतात. कुणी ऐकत नाही, त्यामुळे मनसोक्त चुका करता येतात, आणि थरथरणारे गुडघे बघायला समोर कुणी उरलेलं नसतं. यादी हातात असते, विसरण्याचा प्रश्न नाही. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, शिक्षकवृंद, पालक, मंडपवाले, अल्पोपाहारवाले अशा क्रमाने हळूहळू, एकेका नावावर थांबत, प्रत्येकाकडे बघत जावं. आवाज कुठे चढतो, श्वास कुठे पुरत नाही, हे सगळं फुकटात कळतं. साउंडवाल्याचं नाव यादीत सगळ्यात खाली असतं. तिथवर पोहोचेपर्यंत त्याने वायर गुंडाळायला घेतलेली असते.